यमद्वितीयेचे सार

चिंचणी म्हटले की पुष्कळांना सांगलीकडची चिंचणी आठवते. ही ती नव्हे. ही समुद्रकाठची, पालघर जिल्ह्यातल्या डहाणू तालुक्यातली. लोक तिचे नाव एकटे घेत नाहीत, ‘चिंचणी-तारापूर’ असे जोडीने घेतात. त्यातले तारापूर १९६९ साली अणुवीज केंद्रामुळे देशभर गाजले आणि चिंचणी बिचारी जोडनावातल्या पहिल्या जागेवर असूनही मागेच राहिली. माझी आत्या मात्र आजही ‘आमच्या पलीकडचं तारापूर’ असेच म्हणते. तिच्या लेखी मधली खाडी ओलांडली की परमुलूख सुरू होतो.

आत्या चौऱ्यांशीची. माझे वडील गेल्यापासून भाऊबिजेला त्यांच्या जागी मी तिच्याकडे जातो. २०२४ सालची भाऊबीज मात्र निराळी होती. आषाढात आतोबा गेले होते. सोन्याच्या दागिन्यांचे डाय कोरण्यात त्यांचा जन्म गेला. चिंचणी, वरोर, धाकटी डहाणू या पट्ट्यात घरोघर चालणारा तो धंदा. पोलादाच्या ठोकळ्यावर वेलबुट्टी उलटी कोरणारा हा माणूस घरात फार बोलत नसे, पण जेवताना पहिला घास घेतला की मान हलवून पावती देत असे. ती मान हलायची थांबली आणि आत्याची चूल जवळपास विझलीच. फोनवर विचारावे, “आज काय केलंस?” तर उत्तर ठरलेले, “तोंडाला चव नाही रे. भात-ताक घेतलं.” पुढे पुढे तर नुसता चहा आणि टोस्ट. ज्या बाईच्या आंबटासाठी आम्ही मुले मे महिन्यात आंबे टाकून पाटावर येऊन बसत होतो, ती बाई टोस्टवर दिवस काढते आहे हे मला ऐकवेना.

आंबट म्हणजे आमच्या घरात माशांचे पातळ कालवण. त्यात खोबरे नाही, वाटण नाही. लसूण, हळद, घरचा तिखट मसाला, चिंचेचा कोळ आणि पाणी. त्यात ताजी कोळंबी नाहीतर बोंबील. बस्स. करायला सोपे वाटते आणि करायला गेले की बिघडते, अशा पदार्थांपैकी ते एक.

त्या दिवाळीत आमची धाकटी लेक बँकॉकहून आली होती. जावयाची नोकरी तिकडे. सहा वर्षे झाली. बँकॉकहून विमानाने मुंबईला यायला साडेचार तास लागतात आणि आमच्या दाराला कुलूप लावल्यापासून आत्याच्या ओट्यावर टेकेपर्यंतही जवळजवळ तेवढेच. विरारला गाडी बदलायची (२०१३पासून लोकल थेट डहाणूपर्यंत जाते, एवढी सोय झाली), बोईसरला उतरायचे, कारखान्यांच्या वासातून बाहेर पडायचे, आणि मग खाऱ्या वाऱ्याची पहिली झुळूक आली की समजायचे, आले गाव.

आमच्यापाशी तीन पिशव्या होत्या. एकीत फराळ, कारण वर्ष सरायचे असल्याने आत्याच्या घरी त्या दिवाळीत कढई चढली नव्हती. दुसरीत आत्यासाठी फिकट निळे सुती लुगडे आणि कपडे. तिसरी लेकीची. तिने घरून निघतानाच जाहीर केले होते, “आत्याआजीला मी एक सार करून घालणार. तिकडे ताप आला, सर्दी झाली, जेवण जाईना झालं की हेच पितात.” त्या साराचे सामान तिच्या पिशवीत होते. होते म्हणजे, निघताना होते. बोईसरला उतरलो तेव्हा त्यातल्या एका बाटलीचे झाकण सैल होऊन निम्मा अर्क शेजारच्या पिशवीत, म्हणजे नेमका निळ्या लुगड्यावर उतरला होता. तो अर्क माशांचा होता. बोईसर ते चिंचणी या प्रवासात आमच्याशेजारी कोणी बसले नाही, याहून अधिक लिहीत नाही.

त्या अर्काला थाई लोक ‘नाम प्ला’ म्हणतात. मांदेलीच्या कुळातले बारीक मासे मिठात घालून पिंपात दाबून ठेवायचे आणि वर्षभराने त्यातून उतरणारे तांबूस पाणी गाळून घ्यायचे. आपल्या स्वयंपाकात मिठाची जी जागा, ती तिकडे त्याची.

आत्याने दार उघडले. वाळली होती. आम्ही वाकून नमस्कार करतो न करतो तोच तिने नाक वर केले.

“खाऱ्याचं पिंप कुणी फोडलं?” ती म्हणाली.

सौ. ओशाळून लुगडे लपवू लागली. मला मात्र बरे वाटले. सर्दीपडशाने म्हणा, दुःखाने म्हणा, या बाईचे नाक बंद पडले आहे असे मी धरून चाललो होतो. नाक शाबूत होते.

लेकीने सामान ओट्यावर मांडायला घेतले आणि मघाचेच पुन्हा सांगितले, की मी तुला एक सार करून घालणार आहे.

“नाव काय त्याचं?”

“तोम यम कुंग.”

ओटीवर एकदम शांतता झाली. चार महिन्यांपूर्वी ज्या घरातून माणूस गेला, त्या घरात हा शब्द! सौ.ने माझ्याकडे पाहिले, मी भिंतीवरच्या आतोबांच्या तसबिरीकडे पाहिले. लेक गोरीमोरी होऊन समजावू लागली, की तोम म्हणजे उकळणे, यम म्हणजे कालवणे, कुंग म्हणजे कोळंबी, आणि याचा त्या यमाशी काही संबंध नाही.

आत्याने चष्मा पुसला. “नसायला काय झालं? आज यमद्वितीया ना? आजच्या दिवशी तो बहिणीकडे जेवायला जातो. वाट चुकून इकडे आला असेल. आता आलाच आहे तर जेवून जाऊ दे त्याला.”

भाऊबिजेचे हे जुने नाव आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात नव्हते. ती हसली नाही, पण उठून मागीलदारी गेली आणि विळा घेऊन आली. “गवती चहा लागेल म्हणालीस ना? विहिरीपाशी रान माजलंय त्याचं.”

इथून पुढे हे सार लेकीचे राहिले नाही.

मी कोळंबी आणायला बाजारात गेलो. रविवार असल्याने गर्दी होती. मासेवाल्या बाईने एका वाट्याचे पैसे सांगितले ते ऐकून मी सवयीने मागे सरलो. ती म्हणाली, “घेऊन ठेव बाबा. बंदर झालं की वाढवणच्या बाजूची कोळंबी चित्रात बघावी लागेल.” वाढवण इथून जवळच. ३० ऑगस्ट २०२४ला, म्हणजे दोनच महिन्यांपूर्वी, पालघरला त्या बंदराची पायाभरणी झाली होती. मच्छीमारांचा त्याला कितीतरी वर्षांचा विरोध. बंदराचे नफेतोटे मांडणारे जाणते लोक आहेत, ते मांडोत. मी एवढेच सांगतो, की बाईने हे वाक्य वाटा वजनदार दिसावा म्हणून उच्चारले नव्हते. बोलताना तिचे हात कोळंबी निवडायचे थांबले होते. मी घासाघीस न करता दोन वाटे घेतले.

परत आलो तो स्वयंपाकघरात वाद रंगलेला. लेकीने पाकिटातून लाकडाच्या ढलप्यांसारखे काप काढले होते.

“हे काय?”

“खा.”

“खाते, पण आहे काय ते?”

“अगं, नावच ‘खा’ आहे त्याचं!”

आत्याने एक काप नाकाशी धरला, दातांखाली दाबला आणि म्हणाली, “हे कोळिंजन. तुझ्या पणजोबांच्या चंचीत असायचं. भजनाला बसण्याआधी तोंडात धरायचे, घसा मोकळा राहतो म्हणून.” आल्याच्या जातीचे, पण आल्याहून कडवट आणि कापरासारखे थंड. आपण ते काष्टौषधीवाल्याकडून औषध म्हणून आणतो आणि थायलंडमध्ये ते रोजच्या भाजीबाजारात ताजे मिळते. मक्रूत नावाच्या खडबडीत लिंबाची पाने लेकीने वाळवून आणली होती; एका देठावर पानाला पान जोडलेले, आठाच्या आकड्यासारखे. आत्याने परड्यातल्या ईडलिंबाची चार कोवळी पाने आणून शेजारी ठेवली. वास तंतोतंत नव्हे, पण एका घरातला.

मिरचीचे तर विचारूच नका. थाई मंडळी या सारात घालतात त्या बारीक मिरचीला ‘प्रिक खी नू’ म्हणतात, म्हणजे उंदराच्या लेंडीची मिरची. हे ऐकून आत्या हसली. त्या दिवसातले पहिले हसू. आपल्याकडे तीच लवंगी. नाव ठेवण्यात आपली माणसे जरा सभ्य. मिरची वाणगावच्या बाजूची होती आणि खाली मान घालून निमूट पडून होती, पण तिची खोडी पुढे कळली.

या मिरचीचीही एक गंमत आहे. ती मूळची ना त्यांची, ना आपली. अमेरिकेतून ती पूर्वेला आणली पोर्तुगीजांनी, सोळाव्या शतकात. १५११मध्ये त्यांचा वकील सयामची राजधानी आयुथ्या येथे पोचला, आणि १५३४मध्ये वसई त्यांच्या हाती आली. हा आमचा किनाराही त्यांच्याच अमलाखाली होता. तारापूरचा किल्ला मराठ्यांनी चिमाजी अप्पांच्या स्वारीत, जानेवारी १७३९मध्ये घेतला. त्याआधी दोन्हीकडे तिखट म्हणजे मिरी. आपण मिऱ्यावरून ‘मिरची’ हे नाव केले. थायांनी आणखी वरताण केली. ‘प्रिक’ हे जुने नाव सरळ नव्या पाहुणीला देऊन टाकले आणि घरच्या मिऱ्याला म्हणू लागले ‘प्रिक थाई’, म्हणजे आपली देशी मिरची! पाहुणी यजमानीण झाली आणि यजमानाला ओळख सांगावी लागली.

आता कृती. चौघांसाठी अर्धा किलो डोक्यासकट कोळंबी. ती सोलायची, पाठीतला काळा दोरा काढायचा, आणि डोकी व सालपटे टाकायची नाहीत. येथे सौ.ने तोंड वाकडे केले, पण या साराचा जीव त्या डोक्यांतच आहे. टोपात चमचाभर तेलावर ती परतली की केशरी रंग सुटतो. त्यावर पाच-सहा पेले पाणी घालून पंधरा-वीस मिनिटे उकळू द्यायचे आणि गाळून घ्यायचे. गवती चहाची पाती आपण चहात टाकतो. या साराला लागतो तो खालचा पांढरा बुडखा. तिकडची जात जाड बुडख्याची, आपली किडमिडी, म्हणून तीनाच्या जागी सात-आठ काड्या घेऊन वरवंट्याने चेचायच्या. त्या, कोळिंजनाचे पाच-सहा काप, फाडलेली लिंबाची पाने आणि ठेचलेल्या मिरच्या त्या गाळलेल्या पाण्यात पाच-सात मिनिटे उकळायच्या. हे सगळे वासासाठी. काड्या आणि काप चावायचे नसतात, ताटाच्या कडेला काढून ठेवायचे असतात. मग आळिंबीच्या फोडी, मग कोळंबी. कोळंबी वळून गुलाबी झाली की पुरे. त्यापुढे एक मिनिट गेले तरी ती रबरासारखी होते. शेवटी नाम प्ला दोन-तीन चमचे. आमच्या बाटलीत तेवढेच उरले होते. बाकीचे लुगड्याने प्याले होते.

याचे दोन प्रकार करतात. एक नितळ पाण्याचा, ‘नाम साय’. दुसरा आटीव दूध घातलेला दाट, ‘नाम खोन’. दुधात मासे म्हटल्यावर आत्याने कानावर हात ठेवले, त्यामुळे आमचे नितळच झाले. त्यात ‘नाम प्रिक पाव’ नावाचा एक खमंग गोळा घालायचा असतो: भाजलेल्या सुक्या मिरच्या, लसूण, छोटे कांदे, सुकी कोळंबी, चिंच, थोडी साखर, सगळे वाटून तेलात परतलेले. त्याचे पाकीट लेक बँकॉकलाच विसरली होती. ती यादी वाचून दाखवू लागली तशी आत्या उठली, फळीवरची काचेची बरणी काढली आणि पुढ्यात ठेवली. सुकटीची चटणी. मिरची, लसूण, सुकट, चिंच. साखर तेवढी नव्हती. लेकीने बोटाने चाखली आणि काही न बोलता दोन चमचे टोपात घातले.

बरणीतली चटणी मात्र आषाढाच्या आधीची होती. आतोबांसाठी केलेली. आत्याने झाकण लावताना ते सांगितले. मी विचारले नव्हते.

खरे भांडण झाले ते आंबटावर. सार उकळत होते आणि आत्या चिंचेचा कोळ घेऊन सरसावली. “थांब, थांब,” लेक ओरडली, “यात लिंबू, आणि तेही टोप खाली उतरवल्यावर!”

“उतरवल्यावर? मग आंबट मुरणार कधी?”

“मुरायचं नाहीच आहे.”

आत्याचे साठ-पासष्ट वर्षांचे शास्त्र असे, की आंबट आधी उकळले पाहिजे. कच्चा कोळ पोटाला बाधतो, त्याचा उग्रपणा उकळीने जातो, आणि आंबट पाण्यात मासा घट्ट राहतो. थाई शास्त्र असे, की लिंबाचा रस उकळला तर वास उडतो आणि कडवटपणा येतो. म्हणून तो वाढण्याच्या क्षणी. दोघींचेही बरोबर होते, कारण एक चिंचेबद्दल बोलत होती आणि दुसरी लिंबाबद्दल. पण स्वयंपाकघरात हे सांगणाऱ्या पुरुषाला बाहेर घालवतात. मी ओटीवर आलो.

ओटीवर बसून मला १९५५ साल आठवले. म्हणजे वाचलेले आठवले, तेव्हा मी जन्मलोही नव्हतो. त्या साली याच चिंचणीत जमिनीतून ताम्रपट निघाले. दिनेशचंद्र सरकार यांनी ते वाचून प्रसिद्ध केले. त्यातला एक राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळचा, शके ८४८चा, म्हणजे इसवी सन ९२६चा. त्यावरून कळते, की संजाणचा हा मुलूख त्या वेळी मधुमती नावाच्या अरब अधिकाऱ्याकडे होता. मधुमती म्हणजे महंमद. आपल्या लोकांनी त्याला जिभेवर बसेल असा करून घेतला. त्याने दोन प्रवाहांवर फुकट तरी सुरू केल्या आणि संजाणला अन्नछत्र घातले. तिथे साळीचा भात, कालवणे आणि तूप मोफत मिळे. राजाचे पराक्रम सांगणाऱ्या ताम्रपटात भातावरचे कालवण नोंदले गेले, ही गोष्ट मला फार आवडते. कालवण कसले, ते मात्र कोरणाऱ्याने लिहिले नाही. आतोबा असते तर म्हणाले असते, जागा पुरली नसेल.

“या आत,” हाक आली.

पाने मांडली होती. लेकीने वाट्यांत सार वाढले, वर कोथिंबीर भुरभुरली. पहिली वाटी आत्याने तसबिरीपुढे ठेवली. मग स्वतःची उचलली. फुंकर घालून एक घोट घेतला. तिला जोराचा ठसका लागला. वाणगावच्या मिरचीने आपले काम केले. डोळ्यांतून पाणी आले, ते तिने पदराने पुसले, आणि बराच वेळ पुसत राहिली. आम्ही तिघेही आपापल्या वाटीत पाहत बसलो. मिरची तिखट होती हे खरेच. सगळ्यांचेच डोळे वाहत होते.

मग ती म्हणाली, “मीठ बरोबर आहे. आंबट वरवर आहे, खाली उतरलेलं नाही. कोळंबी मात्र नेमकी शिजवलीस.” आणि सौ.कडे वळून, “भात वाढ गं थोडा.”

“आजी, हे नुसतंच पितात—”

“पिऊ देत त्यांना. मी कालवून खाणार.”

तिने भात दोनदा घेतला. जेवण झाल्यावर तिने राहिलेला कोळंबीचा वाटा सोलायला घेतला आणि रात्री आपले आंबट केले, लेकीला शेजारी बसवून, कोळ आधी उकळून. मात्र गवती चहाचे दोन बुडखे चेचून तिने त्यात टाकलेले मी पाहिले. विचारले तर म्हणाली, “पडले असतील.”

फार चांगले झाले म्हणून लगेच सगळे बदलले असे नाही. नोव्हेंबरात पुन्हा आठ दिवस टोस्टचेच गेले. पण मग एकदा फोनवर उत्तर आले, “मांदेली केली होती,” आणि मी फोन ठेवून सौ.ला ती बातमी निवडणुकीच्या निकालासारखी सांगितली.

त्याच वर्षी, ३ डिसेंबरला युनेस्कोने तोम यम कुंगला मानवजातीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले. थायलंडात या साराचा केवढा दबदबा पाहा, १९९७ साली तिकडून आर्थिक संकट सुरू झाले तर त्यालाही तिथले लोक ‘तोम यम कुंग संकट’ म्हणतात! लेकीने बँकॉकहून कौतुकाने फोन केला. आत्याने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “त्या लोकांनी सुकटीची चटणी कुणाची घातली होती?”

यंदा तिचे वर्ष सरले आहे, आणि फराळ ती घरी करणार आहे. अडचण एकच. २०२५ची भाऊबीज नेमकी गुरुवारी आली आणि गुरुवारी आत्या मासे खात नाही. तेव्हा मुक्काम वाढवून सार शुक्रवारी करायचे असा निरोप आला आहे. शेवटी ताकीद, “ते ‘खा’ घेऊन या, संपलंय.” दादरच्या काष्टौषधीवाल्याकडून पावशेर कोळिंजन आणून ठेवले आहे. नाम प्लाची बाटली सौ.ने स्वतः तीन पिशव्यांत गुंडाळून, दोरीने बांधून, फराळापासून आणि लुगड्यापासून वेगळी ठेवली आहे. ती मी हातात धरून न्यायची आहे.